म्हापशातल्या दुकानाची 'केविन' नावाची फ्रेम: प्रिंट झकास, मजकूर मात्र घरून न्या

आधी रेटिंग देऊन टाकतो म्हणजे घाईतल्यांना पुढे वाचायला नको. प्रिंट आणि फ्रेमिंगला पाचपैकी साडेचार, वागणुकीला चार, आणि ते जो 'नावाचा इतिहास' लिहून देतात त्याला एक, तोही आवाज चढवत नाहीत म्हणून.

म्हापशाच्या मार्केटच्या मागच्या बाजूला गिफ्टचं दुकान आहे, कॉफीचे मग, टीशर्ट, कीचेन, लग्नाच्या पाट्या सगळं करतात, आणि हल्ली त्यांनी ही नावाची फ्रेम सुरू केलीय. बाळाचं नाव वर मोठ्ठं, खाली नाव कुठून आलं, अर्थ काय, थोडा इतिहास, आणि बाजूला एखादं चित्र. ए-फोर साइझ, मागे एमडीएफ म्हणजे लाकडाच्या भुशाचा बोर्ड, पुढे अ‍ॅक्रिलिक, बाराशे रुपये. दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण खाली बरंच बोलणार आहे आणि मालक माणूस सज्जन आहे, कशाला उगाच.

फ्रेम हवी होती शेजारच्या आंटीच्या नातवासाठी, बाप्तिझ्मला. नाव केविन. आता हे नाव कसं आलं तर पोराचा बाप फुटबॉलवेडा, आणि त्याचा देव म्हणजे केविन डी ब्रुयना. त्याने हॉस्पिटलमध्येच जाहीर करून टाकलं. आंटी काही बोलली नाही पण तिच्या मनात किडा होता, मला हळूच विचारते, "अरे, ह्या नांवाचो सांत तरी आसा रे?" तिचं बरोबरच आहे हो. त्यांच्या घरात काएतान, मिनीन, सेबास्तियांव, पिएदाद अशी नावं, सगळी पोर्तुगीज वळणाची आणि प्रत्येकामागे एक संत नाहीतर सण. मग मधल्या पिढीत मुंबई झाली, गल्फ झालं, इंग्लिश शाळा झाल्या आणि गोव्याच्या वाड्यावाड्यात केविन, ब्रायन, नील, केनेथ, रायन सुरू झाले. मजा म्हणजे हे सगळे आपल्याला 'इंग्लिश' वाटतात आणि यातलं एकही मुळात इंग्लिश नाही. सगळी गेलिक, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडची. केनेथ स्कॉटलंडकडचा, बाकीचे आयर्लंडचे, आणि रायन तर मुळात आडनाव.

तर ऑर्डर दिली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पहिलं डिझाइन आलं. वर 'केविन', खाली लिहिलेलं: इंग्लिश नाव, अर्थ शूर राजा, लकी नंबर सात, लकी कलर जांभळा, केविन नावाची मुलं जन्मजात लीडर असतात. अरे देवा. बाप्तिझ्मच्या गिफ्टवर लकी नंबर! पाद्रीबाब फ्रेम बघून काय म्हणतील याचा तरी विचार करायचा. मी दुकानात जाऊन विचारलं हे कुठून आणलं, तर कॉम्प्युटरवरचा पोरगा म्हणतो नेटवर असतं ना तेच टाकतो, कस्टमर वाचत नाही सहसा. प्रामाणिक आहे पोरगा, पण बाराशे रुपये घेतोस तर निदान नाव कुठल्या देशाचं एवढं तरी बघ ना बाबा.

मग मजकूर मीच लिहून द्यायचा ठरवला, मला या असल्या गोष्टींचा नाद आहेच. केविन हे आयरिश नाव, आयरिशमध्ये ते 'कीव्हीन' असं काहीसं म्हणतात, आणि त्याचं जुनं रूप 'कोएव्गेन'. पहिला तुकडा म्हणजे प्रेमळ, देखणा, सौम्य, दुसरा म्हणजे जन्म. शूर नाही, राजा नाही, जांभळा तर नाहीच नाही. आपल्याकडे सुजात नाव ठेवतात ना, त्याच्या आसपास जाणारं काहीतरी. त्याच पहिल्या तुकड्यापासून मुलींचं 'कीव्हा' नाव पण आहे, आयर्लंडमध्ये आजही चांगलंच चालतं.

मूळ स्पेलिंग मात्र बघण्यासारखं आहे. सी, ए, ओ, आय, एम, एच, आय, एन. यातलं 'एओआय' मिळून नुसता 'ई', आणि 'एमएच' म्हणजे 'व्ह'. एम आणि एच मिळून व्ह कसा काय, तर आयरिशमध्ये काही जागी व्यंजन मऊ पडतं, म चा व्ह होतो. पूर्वी त्यांच्या गेलिक लिपीत हे दाखवायला अक्षराच्या डोक्यावर चक्क टिंब द्यायचे, नंतर विसाव्या शतकात साध्या रोमन टायपात छापायला लागले तसं टिंब गेलं आणि त्या जागी एच आलं. काहीजण अजून जुन्या पद्धतीने मध्ये आणखी 'जीएच' पण घालतात, जो बोलतच नाहीत. म्हणजे स्पेलिंग वाटतं तेवढं येडंगबाळं नाहीये, नियम आहे त्याला, फक्त तो इंग्लिशचा नियम नाही.

आणि इथेच दुकानाचा दुसरा घोटाळा झाला. शेवटच्या 'आय'वर टिंबाऐवजी तिरकी रेघ असते, स्वर लांब करायला, आपली दुसरी वेलांटी करते तेच काम. ह्यांनी जो झुपकेदार लग्नपत्रिकेचा फॉन्ट लावला होता त्यात ती रेघवाली आय नव्हतीच, त्यामुळे त्या जागी रिकामा चौकोन आला. पोरगा म्हणाला चौकोन दिसतो तो फक्त स्क्रीनवर, प्रिंटला जाईल. प्रिंटला कसा जाईल? टेस्ट प्रिंट काढायला लावली, चौकोन जसाच्या तसा, वर सोनेरी. मग भाईंनी म्हणजे मालकांनी स्वतः उठून साधा फॉन्ट लावला आणि काम झालं. झुपके गेले ते बरंच झालं, वाचता तरी येतं. तुमच्या बाळाच्या नावात असली काही रेघ-टिंब असेल तर टेस्ट प्रिंट मागाच, फुकट देतात.

आता आंटीच्या प्रश्नाकडे येतो, कारण फ्रेमवरचा निम्मा मजकूर तोच आहे. संत आहे का? आहे, आणि साधासुधा नाही. आयर्लंडमध्ये विकलो म्हणून भाग आहे, डब्लिनच्या दक्षिणेला, तिथे डोंगरात ग्लेन्डलॉक नावाची दरी, दोन तळी असलेली. सहाव्या शतकात हा केविन तिथे एकटा जाऊन राहिला. वरच्या तळ्याच्या कड्यात एक छोटी कपार आहे, माणूस कसाबसा मावेल एवढी, तिला आजही 'सेंट केविनचा बिछाना' म्हणतात. माणसांपासून लांब पळालेला हा बाबा, पण झालं उलटंच, लोक मागे मागे आले, शिष्य जमले आणि तिथे मोठा मठ उभा राहिला, जो पुढे शेकडो वर्षं चालला, १३९८ मध्ये इंग्रज फौजेने उद्ध्वस्त केला तोवर. अवशेष अजून आहेत, सुमारे तीस मीटर उंच गोल मनोरा आहे ज्याचा दरवाजा जमिनीपासून चांगला साडेतीन मीटर वर, शिडी लावल्याशिवाय जाता यायचं नाही. आणि एक दगडी छपराचं छोटं चर्च आहे त्याला लोक 'केविनचं किचन' म्हणतात, कारण त्याचा घंटेचा मनोरा लांबून धुराड्यासारखा दिसतो. किचन नव्हतंच ते कधी. आंटीला हे किचनवालं भयंकर आवडलं, ती मला म्हणाली हेंच घाल.

वारला ६१८ मध्ये असं जुन्या बखरींत आहे, आणि जन्म ४९८ चा धरतात, म्हणजे वय झालं एकशे वीस! ते काही खरं मानायचं कारण नाही, संतांची चरित्रं मागाहून लिहिली जातात आणि लिहिणारा भक्त असला की वय वाढत जातं, आपल्याकडे काय वेगळं आहे. सण ३ जूनला. डब्लिनच्या आर्चडायोसिसच्या, म्हणजे आर्चबिशपच्या धर्मप्रांताच्या, पालक संतांपैकी तो एक. आणि रोमने त्याच्या भक्तीला अधिकृत मान्यता दिली ती १९०३ मध्ये, पोप दहावे पायस यांच्या काळात, तोपर्यंत तेराशे वर्षं लोक आपले त्याला संत मानूनच चालले होते. ही १९०३ ची ओळ मी आंटीसाठी मुद्दाम टाकली, रोमचा शिक्का म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.

त्याच्या गोष्टी भरपूर आहेत पण सगळ्या बाळाच्या फ्रेमवर घालण्यासारख्या नाहीत हे सांगून ठेवतो, कारण पोरग्याने नेटवरून नेमकी नको ती उचलली होती. एक बाई त्याच्या प्रेमात पडली, मागे लागली, तर जुन्या लॅटिन चरित्रात याने तिला आग होणाऱ्या पाल्याने झोडपलं असं आहे आणि नंतरच्या लोककथेत तर थेट तळ्यात ढकलूनच दिलं. हे बाप्तिझ्मला? काढ म्हटलं ते आधी. पाणमांजराची गोष्ट चांगली आहे, याची प्रार्थनेची पोथी तळ्यात पडली आणि पाणमांजराने बुडी मारून कोरडी ठणठणीत वर आणून दिली, तुकोबांच्या गाथेची आठवण येतेच, पण जागा नव्हती.

घेतली ती ब्लॅकबर्डची. बाराव्या शतकाच्या शेवटी वेल्सचा जेराल्ड म्हणून एक पाद्री आयर्लंडवर पुस्तक लिहून गेला, त्यात ही आहे. कोरेज्मचे दिवस, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, केविन छोट्या झोपडीत प्रार्थना करतोय, हात खिडकीतून बाहेर, तळवा वर. एक ब्लॅकबर्ड आली आणि तळव्याला घरटं समजून अंडी घालून बसली. आता हात मागे घेतला तर अंडी फुटणार, म्हणून हा तसाच हात धरून राहिला, पिल्लं बाहेर येईपर्यंत. या पक्ष्याची अंडी उबायला साधारण दोन आठवडे लागतात, करा विचार. जेराल्ड लिहितो की म्हणूनच आयर्लंडभर केविनच्या मूर्तीच्या हातात हा पक्षी दाखवतात. ज्याच्या नावातच सौम्य आहे त्याच्या नावावर हीच गोष्ट टिकावी, मला वाटतं याहून चांगला मजकूर बाळाच्या फ्रेमला मिळणार नाही.

मजकूर पसंत पडला, भाई पण म्हणाले झकास आहे, चित्र आम्ही टाकतो. आणि चित्र आलं. संताच्या पुढे केलेल्या हातावर... कावळा! चांगला धष्टपुष्ट, मान वाकडी करून बघणारा, आपला डोमकावळा. ब्लॅकबर्ड म्हणजे काळा पक्षी, काळा पक्षी म्हणजे कावळा, पोरग्याचं लॉजिक सरळ. मी म्हटलं अरे बाळाचं बारसं आहे का पितृपक्ष, हातावर कावळा काय बसवतोस, पिंड ठेवायचाच बाकी राहिला. दुकानात उभी असलेली गिऱ्हाइकं पण हसायला लागली. पोरगा बिचारा लाल झाला.

ब्लॅकबर्ड हा कावळ्याच्या कुळातला नाहीच. आपल्या सह्याद्रीत कस्तूर असतो ना, त्याचा चुलतभाऊ, साधारण साळुंकीएवढा, नराचा रंग काळा कुळकुळीत, चोच पिवळी-नारिंगी आणि डोळ्याभोवती पिवळी कडी. पण थांबा, अंडी घालणार कोण, मादी ना, आणि मादी काळी नसतेच, तपकिरी असते. हे मी सांगितल्यावर भाईंनी माझ्याकडे असं काही बघितलं की मला वाटलं आता बाराशेचे पंधराशे सांगतात. पण नाही, त्यांनी शांतपणे चहा मागवला आणि पोरग्याला म्हणाले, बाबा सांगतात तशी ब्राऊन कर. शेवटी जी मादी बसवलीय ती अप्रतिम आहे, मातकट तपकिरी, गळ्यावर पुसट ठिपके, आणि तळव्यात निळसर हिरव्या अंड्यांची कड दिसते त्यावर तांबूस शिंतोडे. एवढं बारीक प्रिंट स्वच्छ उठलंय, रंग फुटलेला नाही, याला म्हणून साडेचार.

नव्वद शब्दांची लिमिट आहे त्यांची, त्यामुळे नावाचा अलीकडचा इतिहास फ्रेमवर घालता आला नाही, तो इथे घालतो, कुणाला पोराचं नाव केविन ठेवायचं असेल तर उपयोगी पडेल. संत एवढा मोठा असूनही हे नाव जगभर पसरलं ते विसाव्या शतकात. आयर्लंडमध्ये गेलिक भाषा, गेलिक नावं परत आणायची चळवळ झाली त्या वाऱ्यात ते वर आलं. केविन बॅरी हे तिथलं मोठं नाव, डब्लिनचा मेडिकलचा विद्यार्थी, इंग्रजांनी १ नोव्हेंबर १९२० ला फाशी दिलं तेव्हा वय फक्त अठरा. आयरिश माणसासाठी केविन म्हटलं की संताइतकाच हा पोरगा आठवतो. मग आयरिश लोक अमेरिकेत गेलेले होतेच, तिथे १९५०-६० च्या सुमारास नाव जोरात होतं, आणि तिथून सिनेमावाटे युरोपात. १९९० मध्ये तो ख्रिसमसला घरी एकटा विसरून गेलेल्या पोराचा पिक्चर आला, त्यातल्या पोराचं नाव केविन, शिवाय केविन कॉस्टनर त्याच काळात टॉपला. लगेच १९९१ मध्ये जर्मनीत मुलांच्या नावात केविन पहिल्या नंबरवर, फ्रान्समध्येही त्या वर्षांत तेच.

आता गंमत बघा, डी ब्रुयना जन्मला बेल्जियममध्ये, कधी, तर २८ जून १९९१. त्याच्या आईबापांनी का ठेवलं ते त्यांनाच ठाऊक, पण वर्ष तेच. म्हणजे ग्लेन्डलॉकच्या कपारीतलं नाव अमेरिकेला वळसा घालून, बेल्जियमच्या मिडफिल्डरवरून, म्हापशाच्या फोंताजवळच्या, म्हणजे झऱ्याजवळच्या घरात पोचलं.

जर्मनीत पुढे त्या नावाची अगदी वाट लागली, एवढ्या घरात केविन झाले की शहाणेसुरते नाकं मुरडायला लागले, नाव ऐकूनच पोरगं मस्तीखोर असणार असं शिक्षकांना वाटतं असं २००९ च्या ओल्डेनबर्ग विद्यापीठातल्या एका अभ्यासात निघालं. हे बापाला सांगितलं तर म्हणतो आम्ही कुठे जर्मनीत राहतो. बरोबर आहे, गोव्यात केविनला कोण नावं ठेवतोय, इथे केविन म्हणजे बॅण्डमध्ये गिटार वाजवणारा नाहीतर बोटीवर असलेला, दोन्हीला इज्जत. आणि क्रिकेटवाल्यांना तर केविन म्हटलं की मी एकच सांगतो, २ मार्च २०११, बेंगळुरू, वर्ल्ड कप. इंग्लंडच्या ३२७, आयर्लंड ५ बाद १११, आणि तिथून गुलाबी केस रंगवलेल्या केविन ओब्रायनने पन्नास बॉलमध्ये सेंच्युरी ठोकली, ६३ बॉलमध्ये ११३, मॅच काढली. खराखुरा आयरिश केविन, तोही आपल्या भूमीवर. हे मला फ्रेमवर हवं होतं खरं म्हणजे, पण फुटबॉलवाल्याच्या घरात क्रिकेट कोण लावून देणार.

क्वालिटीचं सांगतो. पावसाळा काढला या फ्रेमने आंटीच्या भिंतीवर, आणि आपला पाऊस म्हणजे कपाटातल्या बेल्टला बुरशी येते. पुढचं अ‍ॅक्रिलिक टकाटक, प्रिंटला डाग नाही. मागचा एमडीएफ मात्र खालच्या कोपऱ्यात थोडा फुगलाय आणि मागची कागदी टेप सुटलीय. तक्रार केली तर भाईंनी टेप फुकट लावून दिली, पण माझं म्हणणं आहे की तीनशे जास्त देऊन सनबोर्डवाली, म्हणजे फोमच्या बोर्डाची घ्या, आणि बाहेरच्या भिंतीला लावायची असेल तर भिंतीपासून जरा सुटी राहील अशी लावा. हुक एकच देतात, दोन मागून घ्या, वजन आहे. डिलिव्हरी सांगितल्यापेक्षा उशिरा, बाप्तिझ्मच्या आदल्या संध्याकाळी मिळाली आणि तेव्हा माझं बीपी काय झालं असेल ते विचारू नका. डिसेंबरात तर आधीच ऑर्डर द्या, नाताळ आणि लग्नं एकदम येतात तिथे.

आंटीने फ्रेम हॉलमध्ये आल्तारच्या, म्हणजे घरातल्या प्रार्थनेच्या जागेच्या बाजूला लावलीय, येणाऱ्या प्रत्येकाला १९०३ दाखवते. बाप खूश आहे, त्याच्या मते डी ब्रुयनाचे पास पण असेच, हातावर ठेवल्यासारखे. असो.

एक गोष्ट मात्र मला खटकलीय. मागच्या आठवड्यात शिवोलीला एका ओळखीच्यांकडे गेलो तर तिथे त्यांच्या केविनची फ्रेम, तोच मजकूर, शब्दन् शब्द माझा, तीच तपकिरी पक्षीण, तीच अंडी. विचारलं तर म्हणतात म्हापशाहून आणली, रेडी डिझाइन होतं. भाईंना फोन लावला, ते हसले, म्हणाले बाबा, तुमचा केविन सगळ्यात जास्त खपतोय, आता रायन आणि ब्रायनचं पण लिहून द्या. मी म्हटलं देतो, पण पुढची फ्रेम मला फुकट. ते म्हणाले दहा टक्के डिस्काउंट. बोलणी चालू आहेत.